बिंदूआधीचे रझा

सैयद हैदर रझा (१९२२–२०१६) यांची कारकीर्द मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगचित्रांनी सुरू झाली आणि काळ्या बिंदूपाशी येऊन स्थिरावली. मधली साठ वर्षे ते फ्रान्समध्ये राहिले. बिंदूमुळे त्यांची गणना अमूर्त चित्रकारांत होते. पण त्यांची चित्रे कालक्रमाने पाहिली की लक्षात येते, हा माणूस अखेरपर्यंत निसर्गचित्रकारच होता.

रझा यांचा जन्म मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात असल्यामुळे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलालगतच्या गावांत गेले. रात्रीच्या रानाची वाटणारी भीती आणि उजाडल्यावर मिळणारा दिलासा यांविषयी ते पुढे अनेकदा बोलत. प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष लागत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि मन त्यावरच ठेवायला सांगितले. ही गोष्ट रझांनी आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितली.

१९३९ ते १९४३ या काळात ते नागपूरच्या चित्रशाळेत शिकले आणि मग मुंबईला सर ज. जी. कलाशाळेत आले. या वर्षांतील त्यांच्या जलरंगचित्रांवर दृक्‌प्रत्ययवादाची छाप दिसते. १८७४ मध्ये चित्रकार मोने आणि त्याच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये या शैलीचे पहिले प्रदर्शन भरवले. वस्तूच्या रेखीव आकारापेक्षा तिच्यावर त्या क्षणी पडलेल्या प्रकाशाला त्यांनी महत्त्व दिले. मुंबईची दमट हवा आणि इमारतींवरून सरकणारे ऊन टिपायला ही रीत रझांना मानवली. त्यांचा कुंचला भरभर चाले आणि रंग एकमेकांत मिसळत. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी त्यांना मोठा आधार दिला. पुढे स्वतः परदेशी स्थायिक होणाऱ्या तरुणाला पहिले पाठबळ निर्वासितांकडून मिळाले, हा योग महत्त्वाचा आहे.

१९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, सदानंद बाकरे आणि ह. अं. गाडे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या कलावंतांच्या गटात होते. फाळणीनंतर त्यांची बहुतेक भावंडे पाकिस्तानात गेली. रझा मात्र भारतातच राहिले. कारण लहानपणी मंडल्यात पाहिलेल्या गांधीजींचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता.

त्यांच्या चित्रकलेला निर्णायक वळण मिळाले ते १९४८ मध्ये काश्मीरमध्ये. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून स्पष्ट सांगितले की हातात गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही. चित्रकार सेझानचा अभ्यास कर. हे मत अचूक होते. प्रकाश पकडण्याच्या नादात चित्राचा सांगाडा ढिला राहतो, ही दृक्‌प्रत्ययवादाची मर्यादा खुद्द सेझाननेच ओळखली होती. डोंगर, घर, झाड यांच्यामागचे स्थिर आकार शोधण्यात त्याने आयुष्य घालवले. रझा मुंबईला परतले, फ्रेंच शिकू लागले आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले.

तिथल्या पहिल्या चित्रांत बदल उघड दिसतो. 'ओ द कान्य' (१९५१) सारख्या चित्रात घरे कोनदार आणि घट्ट रचलेली आहेत आणि माणूस कुठेच नाही. थोड्याच वर्षांत ते तैलरंगाकडे वळले आणि जाड थरांनी फ्रान्सची खेडी व चर्च रंगवू लागले. १९५६ मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार. १९५९ मध्ये त्यांनी चित्रकार जनीन मोंजिला यांच्याशी विवाह केला. १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले. तिथे त्यांना चित्रकार मार्क रॉथकोच्या रंगांनी भारून टाकले. पुढे त्यांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक स्वीकारले.

नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली, तरी सत्तरच्या दशकात त्यांना आपल्या कामात आपली माती नाही, असे तीव्रतेने वाटू लागले. ते भारतात वारंवार येऊ लागले. अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात असे ते फिरले. याच शोधातून झारिया गुरुजींचा ठिपका बिंदू होऊन चित्रात आला. रझांसाठी तो बीज होता, सृष्टीचा उगम होता आणि मन एकाग्र करण्याचे साधनही होते. काळा, पांढरा, लाल, पिवळा आणि निळा हे रंग त्यांनी पंचमहाभूतांशी जोडले. 'माँ' (१९८१) या चित्रात बिंदूसोबत हिंदी कवितेची ओळ लिहिलेली आहे, तर 'सौराष्ट्र' (१९८३) मध्ये तापलेल्या जमिनीचे रंग चौकटींत बांधलेले आहेत. झाड, क्षितिज, ऊन या गोष्टी आता नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रूपात येत नाहीत, पण त्या चित्रात आहेतच.

बिंदूमागची श्रद्धा एका धर्मापुरती नव्हती. मुस्लिम घरात जन्मलेले रझा मशीद, मंदिर आणि चर्च या तिन्ही ठिकाणी मनापासून जात आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रार्थना करत. उत्तरायुष्यात बिंदूची पुनरावृत्ती फार झाली, हा आक्षेप खरा आहे. शेवटच्या काही चित्रांत रचना ठरून गेल्यासारखी वाटते. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकापर्यंतचे त्यांचे काम भारतीय चित्रकलेत अव्वल ठरते.

पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१० च्या अखेरीस ते दिल्लीला परत आले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या सुमारे शंभर चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.