आयडिया वाटून टाका!

टेक्नॉलॉजी, क्रिएटिव्हिटी आणि पर्यावरण, तिन्ही एकाच छताखाली! पुण्यातल्या अशाच एका कॉन्फरन्सला परवा गेले होते. स्टेजवर एकाहून एक भन्नाट आयडिया. कॉफी ब्रेकमध्ये मात्र चर्चा एकच: पेटंट घेतलं का, पैसा कोण लावणार?

मला आठवलं ते व्हिडिओवर पाहिलेलं म्हैसूरचं टेडइंडिया, नोव्हेंबर २००९चं. प्रणव मिस्त्रीने तिथे 'सिक्स्थ सेन्स' दाखवलं. गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, की समोरची भिंत झाली स्क्रीन! वर सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं करणार, असंही सांगून टाकलं. त्याच मंचावर अनुपम मिश्र राजस्थानातल्या कुंड-टाक्यांबद्दल बोलले. पावसाचा थेंबन्‌थेंब साठवायचं शेकडो वर्षांचं तंत्र. तलावांवरच्या त्यांच्या १९९३च्या पुस्तकाला कॉपीराइटच नाही. कुणीही छापा, कुणीही वाटा. ते अनेक भाषांत पोचलं.

एक गॅजेटवाला, एक पाणीवाला, फंडा सेम. पाण्याच्या आयडिया कुलपात ठेवून कसं चालेल?

तेव्हा पुढच्या कॉन्फरन्सला जाल तर टाळ्या वाजवाच, पण वक्त्याला एवढं विचारा: हे आमच्या सोसायटीत आम्हाला करता येईल?