धुळ्याच्या तुरुंगातले रविवार

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ग्रंथ रणांगणावरचा, सांगणारा अहिंसेचा उपासक! पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या त्या गृहस्थापुढे एके दिवशी स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहिला. मग त्याला फाशीची शिक्षाच अमानुष वाटू लागली. अर्जुनाचंही तसंच, असं विनोबांचं म्हणणं. त्याला नकोसं झालं होतं ते युद्ध नव्हे, समोरचे नातलग मारणं.

सीमा, पाणी, तेल ही युद्धाची कारणं खरीच. पण पलीकडचं घर आपलं नसतं, म्हणून ती आपल्याला चटकन पटतात.

१९९९च्या उन्हाळ्यात बँकेत चहा घेताना आम्ही 'आता थेट लाहोर गाठा' म्हणत होतो. (सर्वांत मोठा आवाज माझाच.) तेवढ्यात काउंटरशी एक धोतरातले बाबा आले. मुलगा कारगिलला. पासबुक पुढे करून त्यांनी विचारलं, "सायेब, लढाई कवय थांबी?"

मी मुकाट्याने त्यांची स्लिप भरून दिली. चहा तसाच राहिला.