मोटेचं तेल, मोटारीचं कातडं

खोडदला बाहेरची माणसं येतात ती रेडिओ दुर्बीण पाहायला. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 इथल्या परिसरात उभ्या आहेत. याच जुन्नर तालुक्यात कातड्याचं एक मोठं यंत्रही पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं, त्याची आठवण मात्र फार थोड्यांना उरली आहे. ते यंत्र म्हणजे विहिरीतून पाणी उपसणारी मोट. मोटारीतल्या लेदर सीटची निगा राखताना आपल्या हातून होणाऱ्या चुकांचं मूळ मला या मोटेत दिसतं. कातडं दिसलं की तेल लावायचं, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. मोटेसाठी ती अगदी बरोबर होती. आजच्या सीटसाठी बहुतेक वेळा ती चूक आहे.

मोटेच्या एका खेपेला शंभर-दीडशे लिटर पाणी वर यायचं. तोंडाला लोखंडी कडं, खाली लांब सोंड. नाडा म्हणजे जाड दोर मोठ्या चाकावरून आणि सोंदूर म्हणजे सोंडेचा बारीक दोर कण्याच्या रुळावरून जायचा, बैल धावेच्या उतारावरून उतरले की सोंड थारोळ्याच्या कुंडात रिकामी व्हायची. दिवसभर भिजायचं, उन्हात तापायचं, पुन्हा भिजायचं, असा या कातड्याचा जाच होता. कातडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं. त्यातली चरबी निघून गेली की तंतू एकमेकांना चिकटतात, कातडं ताठरतं आणि घडीवर तडकतं. म्हणून मोटेला करंजेल किंवा एरंडेल चोळायचे. वर कसलाच लेप नसल्यामुळे तेल थेट तंतूंपर्यंत मुरायचं.

हे कातडं कमावण्याची विद्या ढोर समाजातल्या कारागिरांची. आधी चुन्याच्या निवळीत टाकून केस सोडवायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे, आत साल-हिरडा आणि पाणी भरायचे आणि पाझरलेला कस पुन्हा आत ओतत राहायचे. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. दुर्गंधी, चुन्याने सोललेले हात आणि वर समाजाने पाळलेला विटाळ हे सगळं सोसून ज्यांनी गावाचं पाणी वर काढणारं साधन घडवलं, त्यांच्या रसायनज्ञानाची नोंद आपण फारच कंजूषपणे घेतली आहे.

यातला हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याचंच झाड. भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या कमाईत हिरड्याचा मोठा वाटा असतो. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने इथल्या हिरड्याचं नुकसान केलं, तेव्हा भरपाईसाठी या लोकांना झगडावं लागलं. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो. कातडं कमावायला लागतं ते वाढलेलं, टॅनिनने भरलेलं फळ. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातून हिरडा इंग्लंडच्या चर्मालयांना जायचा, आणि त्या बाजारात वेंगुर्ल्याच्या नावाने हिरड्याची एक प्रतच ओळखली जायची.

पुढे विजेचे पंप आले, कुकडी प्रकल्पाचे कालवे आले आणि मोट थांबली. कातडंही बदललं. क्रोमियमच्या क्षारांनी आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आणलं. मोटारीच्या सीटचं कातडं कारखान्यातच तेल पाजून मऊ केलेलं असतं, मग त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढतो. आपला हात लागतो तो या थराला. वरून चोळलेलं तेल आत जात नाही, पृष्ठभागावर राहतं, धूळ धरतं आणि ती धूळ बसता-उठता कानशीसारखी थर घासते.

म्हणून सीटची खरी निगा म्हणजे स्वच्छता. आधी शिवणींतली माती मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावी. माती काढल्याशिवाय ओलं फडकं फिरवू नये. मग लेदरचा सौम्य क्लीनर सीटवर न ओतता ब्रशवर घ्यावा, हलक्या हाताने थोडा थोडा भाग घासावा, मायक्रोफायबरच्या ओलसर फडक्याने पुसावा आणि सावलीत वाळू द्यावा. सीटला हवेची बारीक छिद्रं असतील तर पाणी आणखी जपून वापरावं. कंडिशनर शेवटी, नावापुरता. डॅशबोर्डचं चकाकणारं पॉलिश, थिनर, कपड्यांचा साबण यांना गाडीत जागा नाही. करोनाच्या काळात सॅनिटायझरच्या अल्कोहोलने कित्येक गाड्यांच्या सीट आणि स्टिअरिंगवरचा थर खाल्ला.

आपल्याकडचे डागही आपले आहेत. जेजुरीहून येताना सीटवर हळदीचा भंडारा सांडतो. तो कोरडाच झटकावा. साबणाचं पाणी लागलं की अल्कलीमुळे हळद लाल होते आणि माणूस घाबरून आणखी घासतो. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारून त्याच कपड्यांनी गाडीत बसू नये. मोरचूद आणि चुना दोन्ही सीटला लागतात. गडद जीन्सचा रंग फिकट सीटवर उतरतो, तो ताजा असतानाच निघतो.

या सगळ्याच्या आधी सीट कशाची आहे ते पाहावं. विक्रेता ज्याला लेदर म्हणतो ते पुष्कळदा लेदरेट असतं, म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. त्याला कंडिशनरचा काडीचाही उपयोग नाही, ओलं फडकं पुरतं. खरं कातडं असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब तसाच राहिला तर वर लेप आहे, वर सांगितलेली रीत चालेल. थेंब मुरून डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. अशा सीटला पाणी बेताने लावावं आणि कंडिशनर मनापासून द्यावा, कारण इथे तो तंतूंपर्यंत पोचतो. मात्र करंजेल इथेही नको. त्याचा वास आणि डाग विहिरीवर कुणाला खुपत नव्हते. बंद गाडीत ते महिनोन्‌महिने राहतील.