सी तसाच, डी मोठा

सकाळी ९

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मागच्या-पुढच्या गल्ल्यांत अजूनही अशी ठिकाणं आहेत, जिथं दोन टेबलं, एक लेसर प्रिंटर आणि छतापर्यंत रचलेली पुस्तकं एवढ्या भांडवलावर मराठी पुस्तकं उभी राहतात. पुस्तकाच्या श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ म्हणून बारीक टाइपात नाव येतं, ती ही मंडळी. आज त्यांच्यापैकीच एका काकांकडे माझं काम आहे. श्रावण चालू आहे, दिवाळी अंकांची पानं लागायला सुरुवात झाली आहे आणि संगणकाची ८० जीबीची हार्ड डिस्क काठोकाठ भरली आहे. वार मुद्दाम बुधवार निवडला. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि या कामात मध्येच वीज जाऊन चालत नाही. यूपीएस कालच तपासून घेतला आहे.

“नवाच कॉम्प्युटर घ्या, असं सगळे सांगतात,” काका म्हणतात. “तुम्ही नाही सांगितलंत.”

मी सांगणारही नाही. या यंत्रावर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर ७ आहे आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ची. एक्सपीची सुधारणा-सेवा ८ एप्रिल २०१४ला थांबली. आज मिळणाऱ्या संगणकाला तो रुंद प्रिंटर पोर्टच नसतो. इंटरनेटला न जोडता हे यंत्र नीट चालतं, इथं अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंचे हात त्यावर बसलेले आहेत. अडलंय ते फक्त जागेपाशी. तेवढीच गोष्ट बदलायची.

९.३०

स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच. आधी वही. ताईंना शेजारी बसवून रोज काय काय उघडतात ते लिहून घेतो: पेजमेकर, फॉन्ट, फोटोशॉप, दोन प्रिंटर, हिशेबाचा एक जुना प्रोग्राम. सी ड्राइव्ह साधारण २० जीबीचा, बाकी सगळा डी. डीमध्ये वर्षावार फोल्डर आहेत आणि पेजमेकरच्या पानांत लावलेली चित्रं त्या पत्त्यावरूनच उचलली जातात. उद्या डीचा ई झाला, तर जुन्या प्रत्येक पुस्तकातलं प्रत्येक चित्र ‘सापडत नाही’ म्हणून ओरडेल. म्हणून ठरलं: डी हा डीच राहणार.

जागा खाल्ली कशानं, तेही पाहून घेतो. मजकुरानं नव्हे. दोन-अडीचशे पानांच्या पुस्तकाची निव्वळ अक्षरं एक एमबीतही मावतात. पण ए-४ आकाराचं एक रंगीत चित्र छपाईसाठी ३०० डीपीआयला आणि चार रंगांत ठेवलं, की सुमारे ३५ एमबी जातात. एका दिवाळी अंकात अशी कितीतरी चित्रं, जाहिराती वेगळ्या, आणि प्रत्येक जाहिरातीच्या ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशा प्रती आणखी वेगळ्या.

मग मर्यादा. प्रत्येक काळातल्या संगणकाला डिस्क कुठपर्यंत मोजता येते याची एक भिंत असते. पूर्वी ती ५२८ एमबीला होती, नंतर ८.४ जीबीला, मग १३७ जीबीला. शेवटच्या आकड्याचं कारण साधं आहे: सेक्टरचा पत्ता लिहायला २८ बिट होते, एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, आणि दोन्हींचा गुणाकार तिथंच संपतो. मूळ एक्सपीला या पलीकडचं नीट दिसत नसे. त्यामुळे आधी सर्व्हिस पॅक बघायचा. इथं तिसरा आहे, ती भिंत मागे पडली. पुढची भिंत २ टीबीच्या थोडी पुढे आहे. एक्सपीला जुन्याच पद्धतीचा पार्टिशन तक्ता वाचता येतो आणि त्यात त्यापुढचा आकडा मावत नाही. तेव्हा १ टीबीची डिस्क घ्यायची. त्याहून मोठी घेण्यात या यंत्राला फायदा नाही.

जुन्या डिस्कचा स्वतःचा अहवालही वाचला. ‘पेंडिंग’ सदरात काही सेक्टर दिसतात, म्हणजे वाचताना अडखळलेले. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “अधूनमधून फाइल उघडताना टकटक ऐकू येते, पण उघडते.” ती टकटक ऐकल्यावर कामाचा क्रमच बदलला. जुन्या डिस्कला आज एकदाच वाचायचं, पुन्हा पुन्हा नाही.

१०.१५

संगणक बंद, प्लग बाहेर, सगळ्या केबलींचा मोबाइलवर फोटो. कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला. पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर हवेच्या झोतानं तो भलत्या वेगात फिरतो. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची.

आत जुना मित्र दिसावा तशी चपट्या पट्टीची आयडीई केबल. त्या काळात एका पट्टीवर दोन यंत्रं लागत आणि मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे मागच्या छोट्या जंपरनं ठरे. या बोर्डवर इंटेलचा ८६५ चिपसेट आहे, २००३ सालचा. म्हणजे आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीचे दोन सॉकेट कोपऱ्यात आहेत, इतकी वर्षं कोरे. आजची साटा डिस्क त्यांच्या कमी वेगाशी आपोआप जुळवून घेते. त्याच सुमाराच्या काही व्हीआयए चिपसेटांवर मात्र ती दिसतच नाही. डिस्कवर जंपर लावून वेग उतरवावा लागतो, आणि तशी सोय नसलेली डिस्क तिथं निरुपयोगी. हे दुकानात जायच्या आधी कळायला हवं. एसएमपीएसला साटाची वीजजोडणी नाही, जुने चार पिनांचेच कनेक्टर आहेत. बोर्डवरचा गोल सेलही बदलायला झालाय. तारीख मागे जाते, अशी ताईंची तक्रार होतीच.

११

सामान आणायला तपकीर गल्लीत पायीच जाणं बरं. पॉवर कन्व्हर्टर, साटा केबल, सीआर २०३२ सेल. हे काही रुपयांचं सामान, पण यातलं एक नसेल तरी दिवस वाया जातो. डिस्क मात्र नवी आणि हमीसकटच घेतली. बाजारात पुन्हा तयार केलेल्या डिस्का स्वस्तात मिळतात आणि सिनेमे ठेवायला त्या ठीकही असतील. ज्या मजकुराची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, तो मी त्यांच्यावर ठेवणार नाही. एसएसडी का नाही, असं काकांनी विचारलं होतं. एक्सपीला एसएसडीची नीट निगा राखता येत नाही आणि इथं वेगापेक्षा जागेची नड आहे.

१२

आता दिवसातलं सगळ्यात जोखमीचं काम. संगणक सीडीवरच्या लिनक्सवर सुरू केला. जुनी डिस्क आत आहे, माझी यूएसबी डिस्क बाहेरून जोडली आहे. नवी अजून खोक्यातच. एका बाजूनं वाचायचं, दुसऱ्या बाजूला लिहायचं. आज्ञेत या दोन बाजूंची अदलाबदल झाली, तर भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क उतरते आणि कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणून माझा नियम असा: दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक मी पडद्यावरून मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्या माणसानं आधी कागदावर उतरवलेल्या आकड्यांशी ताडून ‘हो’ म्हणायचं, आणि मगच एंटर. आज ‘हो’ ताईंनी म्हटलं.

डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम यासाठी उत्तम. अडखळलेल्या सेक्टरपाशी तो हटून बसत नाही. आधी सगळा सुदृढ भाग उचलतो, कुठं अडलं त्याची नोंद ठेवतो आणि शेवटी त्या जागांकडे परत वळतो. मरायला टेकलेल्या डिस्कला हाच क्रम मानवतो. यूएसबी २.०च्या वाटेनं सेकंदाला तीसेक एमबी जातात, म्हणजे ८० जीबीला पाऊण तास, अडखळण्याचा वेळ वेगळा.

तेवढ्यात टिळक रस्त्यावर बादशाहीत जेवून आलो. काका डब्यावरच होते. जेवता जेवता त्यांनी विचारलं, “समजा सगळी अक्षरं सुखरूप नव्या डिस्कवर गेली. मग निर्धास्त?”

नाही. या फाइलींमधली मराठी युनिकोडमधली नाही. तेव्हाच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: काना एका घरात, अर्धा त दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. प्रत्येक कंपनीची घरं निराळी. तो फॉन्ट काढून घेतला, की पानावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाचोळा उरतो. युनिकोडनं देवनागरीला स्वतःची घरं १९९१मध्येच दिली होती, पण पेजमेकरपर्यंत ती कधी पोचलीच नाहीत. मंडळात १९१०पासून जमवलेले मोडीचे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारा नसेल तर रुमाल सोडूनही काही कळत नाही. या डिस्कवरच्या पुस्तकांची स्थिती तीच आहे, आणि त्यांना तर रुमालाइतकं आयुष्यही नाही. म्हणून आज फाइली हलवून भागणार नव्हतं. त्या वाचणारं अख्खं यंत्र, कुलपासकट, चालतं राहायला हवं होतं.

२

प्रत पूर्ण. मोजके सेक्टर वाचलेच गेले नाहीत. नोंदीवरून शोधलं, तर ते एका जुन्या जाहिरातीच्या चित्रात निघाले. ती जाहिरात पुन्हा लागणार नाही, असं ताईंनी पाहून सांगितलं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. दोन्ही एकदम लावून एक्सपी सुरू करायचंच नाही. दोन डिस्कांवर एकच सही, म्हणजे ओळखीचा आकडा, दिसली, की ड्राइव्हच्या अक्षरांचा गोंधळ होतो.

सी ड्राइव्ह सेक्टर-सेक्टर जसाच्या तसा, जुन्याच जागी, म्हणजे ६३व्या सेक्टरपासून उतरवला. एक्सपी ड्राइव्हला ओळखतो तो डिस्कच्या सहीवरून आणि सुरुवातीच्या जागेवरून. ही दोन्ही तशीच ठेवली, तर सी हा सीच राहतो. डी मात्र नव्यानं आखला. नव्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो. पार्टिशन आठाच्या पटीत सुरू झालं नाही, तर प्रत्येक लेखनाला दुप्पट खटाटोप पडतो. रोजची जड चित्रं डीवरच पडणार, म्हणून त्याची सुरुवात नीट जुळवून घेतली आणि मग फाइली भरायला लावल्या.

४

बायोसमध्ये साटा जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवलं. एक्सपीला दुसरी पद्धत शिकवलेली नसते, तो निळा पडदा दाखवून थांबतो. आज तो सरळ उठला. सीडी ड्राइव्हनं मधल्यामध्ये डी हे अक्षर पटकावलं होतं. ते काढून नव्या पार्टिशनला दिलं. ८० जीबीच्या जागी आता ९३१ दिसतात. एक टीबी विंडोजच्या मोजणीत एवढाच भरतो, यात फसवणूक नाही.

पण आकड्यांवर मी ‘झालं’ म्हणत नाही. ताईंनी तीन वेगवेगळ्या वर्षांची पुस्तकं उघडली. चित्रं जागेवर. मग मी सांगितलेले शब्द टाइप केले: तऱ्हा, दुसऱ्या, ह्रस्व, उद्ध्वस्त, ज्ञानेश्वर, पुनर्मुद्रण. जोडाक्षरं आणि रफार सुटायचे तर अशाच शब्दांत सुटतात. कागदावर छापून काकांनी भिंगाखाली पाहिलं. डोंगलही जागा झाला होता.

५.१५

जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवली: ‘पुसू नये’. माझ्याकडच्या प्रतीची आणखी एक प्रत काकांच्या घरी जाईल, इथून दूर.

मग खरं बोलणं झालं. जागा आहे तोवर प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर काढून ठेवायचा. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण ते रफार भलत्या अक्षरावर टाकतात, जोडाक्षरं मोडतात. त्यामुळे मुद्रितं वाचायला माणूस लागतोच. दिवाळी अंक छपाईला गेले, की ताई दुपारचा वेळ याला देणार आहेत.

“सुरुवात कुठून?” त्यांनी विचारलं. “जुन्यापासून?”

“नाही,” काका फोल्डरांच्या यादीवरून बोट फिरवत म्हणाले. “ज्यांचे लेखक आज आहेत, ती आधी. तपासायला तेच बसतील. वयाप्रमाणे लाव यादी, सगळ्यात मोठे ते पहिले.”

ताईंनी नवं फोल्डर उघडलं आणि काका नावं सांगू लागले.