हवा गेली, चाक अडले

ट्रकचा ब्रेक हवेने लागतो, अशी तुमची-आमची समजूत. पायाखालच्या ब्रेकपुरती ती खरीही आहे. मोठ्या गाड्यांच्या हातब्रेकचा मात्र सारा उलटा कारभार! तिथे चाक पकडून ठेवते ती जाडजूड स्प्रिंग, आणि हवा तिला मागे रेटून धरते. हवा गळाली की गाडी जागीच खिळते. हवा गेली तर गाडी थांबलीच पाहिजे, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 सालीच आगगाडीला शिकवले होते.

अर्धापूरला नांदेड-हिंगोली रस्त्यावर केळीने भरलेला असा एक ट्रक मी पाहिला. इंजिन धडधडत होते, पण मागची चाके हलेनात. आणि केळी तर एकदा घड कापला की कुणासाठी थांबत नाहीत! ड्रायव्हर ब्रेकला शिव्या घालीत होता. म्हाताऱ्या मिस्त्रीने ब्रेककडे पाहिलेही नाही. आधी चाकांना दगड लावले; कारण हवा भरताच ब्रेक सुटतो, आणि गाडीखाली माणूस असतो. मग आत शिरून त्याने हवेच्या नळ्यांवर साबणाचे पाणी शिंपडले. एका सांध्यावर बुडबुडे फुगले. सांधा आवळला, हवेचा काटा चढला, चाके मोकळी झाली. क्लीनर दगड काढायला धावला, तसा खालून मिस्त्री ओरडला, "अरे, मला आधी बाहेर तर येऊ दे!"