झगमग हवी, पण चेहरा दिसू दे!

तुम्हाला ऑफिसात एक्सेल इतरांपेक्षा जरा बरं येतं. किंवा सोसायटीत तुमची ओळख ‘तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर’ अशी आहे. किंवा कॉलेजात असताना एका एकांकिकेत तुम्ही तिसऱ्या पोलिसाचं काम केलं होतं. बस्स, एवढं क्वालिफिकेशन पुरतं! गणपती किंवा डिसेंबरमधलं गॅदरिंग जवळ आलं की कुणीतरी तुमच्या खांद्यावर हात टाकतं आणि म्हणतं, ‘‘लाइट्सचं तेवढं तू बघ रे. ते कलर बदलणारे आता स्वस्तात मिळतात ना? आठ-दहा घेऊन टाक.’’

घेऊन टाक! कांदे-बटाटे आहेत का?

मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहिते आणि शनिवार-रविवार एका हौशी ग्रुपच्या नाटकांचे लाइट्स बघते. त्यामुळे ओळखीपाळखीच्या सगळ्यांचे फोन मलाच येतात. प्रश्न ठरलेला, ‘‘कोणता घेऊ?’’ माझा उलटा प्रश्नही ठरलेला, ‘‘शेवटच्या रांगेतल्या आजीला नातवाचा चेहरा दिसायला हवाय, की स्टेज डिस्कोसारखं दिसायला हवंय?’’ समोरचा हसतो. पण प्रश्न सीरियस आहे. शाळेतल्या पोराला वर्षातून एकदा, दोन-तीन मिनिटं स्टेज मिळतं. त्यासाठी ते महिनाभर झाडाचे नाहीतर मावळ्याचे डायलॉग पाठ करतं. आणि नेमक्या त्या तीन मिनिटांत त्याचं तोंड जांभळं दिसतं! वर पैसे जातात ते पालकांच्या नाहीतर वर्गणीच्या खिशातून. म्हणून आधी थोडं समजून घेऊ, मग दुकानात जाऊ.

थोडीशी हिस्टरी

आपल्या लहानपणी स्टेजवर लाल उजेड हवा असेल तर स्पॉटसमोर लाल जिलेटिन पेपर लावायचा. निळा हवा असेल तर दुसरा स्पॉट, दुसरा पेपर. गोल डब्यासारखे ते ‘पार कॅन’ आठवतात? त्यातल्या ‘पार ६४’ मधला ६४ हा आकडा म्हणजे दिव्याचा व्यास, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. म्हणजे बरोबर आठ इंच. एकेक दिवा साधारण हजार वॅटचा. असे चार लावले की ४,००० वॅट झाले. घरातला मोठा १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॅट झेपवतो. शाळेच्या हॉलमध्ये ऐन अफझलखान वधाला फ्यूज का उडायचा, ते कळलं?

एलईडीने हे गणित बदललं. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, अडलं होतं ते निळ्यावर. जपानच्या शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बनवून दाखवला. त्यांना, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना या निळ्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. लाल, हिरवा, निळा एकत्र आले की त्यांच्या मिश्रणातून हवा तो रंग काढता येतो. पेपर नको, भट्टीसारखी उष्णता नको, फ्यूज उडण्याचं टेन्शन नको. आज बाजारात ‘एलईडी पार’ म्हणून जो गोल दिवा मिळतो, तो हाच.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, दुकानदार दोन आकडे फेकतो. ‘५४ बाय ३’ आणि ‘१८ बाय १०’. पहिल्यात तीन वॅटचे चोपन्न छोटे एलईडी, दुसऱ्यात दहा वॅटचे अठरा. गुणाकार करून १६२ आणि १८० वॅट अशी तुलना करत बसू नका. ती एलईडीची कागदावरची ताकद झाली. दिवा प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी वीज खातो आणि उजेडही त्याच हिशोबाने देतो.

बघायचं ते वेगळंच. ५४ वाल्यात सहसा लाल एलईडी वेगळे, हिरवे वेगळे, निळे वेगळे असतात. रंग मिसळतात ते स्टेजवर पोहोचल्यावर, आणि तेही अर्धवट. मग नटाच्या मागे एका सावलीऐवजी लाल-हिरव्या-निळ्या कडांच्या तीन-तीन सावल्या नाचतात. ‘फोर-इन-वन’ प्रकारात चारही रंग एकाच भिंगाखाली बसवलेले असतात, त्यामुळे रंग दिव्यातच मिसळून बाहेर पडतो. डान्ससाठी, मागच्या पडद्यासाठी पहिला चालून जाईल. माणसाच्या तोंडावर टाकायचा असेल तर फोर-इन-वनच घ्या. संख्या कमी झाली तरी चालेल.

सावळा रंग, राखाडी चेहरा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. साध्या आरजीबी दिव्यात लाल, हिरवा, निळा फुल्ल केले की ‘पांढरा’ मिळतो. पण हा पांढरा म्हणजे तीन रंगांची मोट. मधले पिवळे-नारिंगी रंग त्यात फारच कमी. आणि आपल्या त्वचेतली ऊब असते नेमकी तिथेच. अशा उजेडात सावळी मुलं राखाडी, आजारी दिसतात. मग काय होतं? मेकअपवाला पावडरचा डबा घेऊन धावतो आणि इयत्ता चौथीतल्या पोरीला गुलाबी-पांढरी करून टाकतो. पोरगी आरशात बघते आणि तिला वाटतं, आपल्या रंगातच काहीतरी गडबड आहे. अहो, गडबड तुमच्या लाइटमध्ये आहे!

उपाय सोपा आहे. नावात चौथं अक्षर असलेला, म्हणजे आरजीबीडब्ल्यू दिवा घ्या आणि त्यातला पांढरा ‘वॉर्म’ आहे ना, ते विचारा. अंबर असेल तर आणखी छान. त्याहून स्वस्त आयडिया म्हणजे चेहऱ्यांसाठी रंग बदलणारे दिवे वापरूच नका. समोरून साधे वॉर्म व्हाइट दिवे लावा. शाळेकडे जुने हॅलोजन असतील तर तेही उत्तम, फक्त वायरिंगला किती झेपतं ते आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. रंगांची हौस मागून आणि बाजूने भागवायची.

कपड्यांचंही तसंच. हिरवा कपडा हिरवा दिसतो कारण तो हिरवा उजेड परत फेकतो. त्याच्यावर नुसता लाल उजेड टाकलात तर परत फेकायला त्याच्याकडे काही उरतच नाही. हिरवा शालू चक्क काळा! लावणीच्या ग्रुपने नऊवारीवर खर्च केला असेल तर रंग ठरवण्याआधी एकदा नऊवारी लाइटखाली धरून बघा.

दुकानातच करायच्या पाच टेस्ट

एक, भिंतीवर झोत टाकून मध्ये हात धरा. सावलीच्या कडा रंगीबेरंगी दिसल्या तर हा दिवा चेहऱ्यासाठी नाही.

दोन, उजेड हळूहळू शून्यावर आणायला सांगा. स्वस्त दिवा शेवटी पायऱ्या उतरल्यासारखा झटके देतो. आई-मुलाच्या निरोपाच्या सीनला असा फेड-आउट झाला की ऑडियन्समध्ये हशा पिकलाच म्हणून समजा.

तीन, दिवा अर्ध्यावर ठेवून मोबाइलने शूट करा. एलईडी मंद होतो तो सहसा भराभर चालू-बंद होऊन. हा वेग कमी असेल तर डोळ्यांना काही जाणवत नाही, पण व्हिडिओत पट्टे पळतात. आणि हॉलमध्ये दोनशे पालक दोनशे मोबाइल घेऊन बसणार आहेत!

चार, कान लावा. आत पंखा असेल तर त्याची घरघर ऐका. डीजेच्या कार्यक्रमात ती कुणाला ऐकू येते? पण नाटकात, शांततेत, नक्की येते.

पाच, मागची बाजू बघा. अर्थिंगची तिसरी पिन आहे का? सेफ्टी चेन अडकवायला हूक आहे का? आणि आयपी रेटिंग काय? आयपी २० म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. सोसायटीच्या ग्राउंडवर, पावसाळी गणपतीत असा दिवा उघड्यावर लावायचा नाही म्हणजे नाही.

किती घ्यायचे?

कमीत कमी! वीस फुटी स्टेजला आठ दिवे पुरतात. चार समोरून चेहऱ्यांसाठी, चार मागून-बाजूने रंगांसाठी. समोरचे दिवे अगदी नाकासमोर न लावता दोन्ही बाजूंनी तिरके, वरून साधारण ४५ अंशांत मारा. एका बाजूचा थोडा ऊबदार, दुसऱ्या बाजूचा थोडा थंड. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या स्टॅनली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये पुस्तकात मांडलेली ही पद्धत आजही जगभर शिकवतात.

घेताना झोताचा कोन विचारा. बारा फुटांवरून २५ अंशांचा झोत साधारण सव्वापाच फुटांचं वर्तुळ उजळतो, ४५ अंशांचा जवळजवळ दहा फुटांचं. ग्रुप डान्सला रुंद बरा, एकट्याच्या स्वगताला अरुंद.

रिमोट, बोर्ड की लॅपटॉप?

स्वस्त दिव्यांत ‘साउंड मोड’ असतो. आवाजावर रंग बदलतो. वाढदिवसाला मस्त, नाटकात वैताग! जिजाबाई हळवं काहीतरी बोलताहेत, पुढच्या रांगेत कुणी शिंकलं आणि स्टेज हिरवं!

त्यापेक्षा डीएमएक्स शिकून घ्या. १९८६ पासूनची ही लाइट्सची कॉमन भाषा आहे. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता. बाजारात सहज मिळणारा १९२ चॅनेलचा बोर्ड बारा दिव्यांना प्रत्येकी सोळा चॅनेल देतो. म्हणजे दिव्यांचे पत्ते १, १७, ३३, ४९ असे सोळाच्या उड्या मारत लावा. निम्मी डोकेदुखी इथेच संपते. आपल्यासारख्या लॅपटॉपवाल्या जमातीसाठी क्यूएलसी प्लस हे फुकटचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याला यूएसबीवर चालणारं एक डीएमएक्स इंटरफेस जोडलं की झालं. फक्त माइकची केबल डीएमएक्सला वापरायचा मोह टाळा. प्लग सेम दिसतो, पण केबल वेगळी असते. छोट्या लाइनवर चालूनही जाते आणि नेमकी प्रयोगाच्या दिवशी दिवे थरथरायला लागतात.

विकत की भाड्याने?

दिव्याची किंमत भागिले एका दिवसाचं भाडं. उत्तर येईल तेवढे दिवस दिवा वापरला की तो ‘फुकट’ झाला. समजा, उत्तर दहा आलं आणि शाळेचं गॅदरिंग वर्षातून दोन दिवस, तर पाच वर्षं थांबावं लागणार. तोपर्यंत दिवे कपाटात टिकतील? दुरुस्त कोण करेल? शाळेला सहसा भाडं परवडतं. महिन्याला प्रयोग करणाऱ्या ग्रुपने मात्र विकत घ्यावेत. त्यातही सगळे पैसे दिव्यांवर उडवू नका. स्टँड, केबल, क्लँप आणि सेफ्टी चेनसाठी बजेटचा निदान चौथा हिस्सा राखून ठेवा. पोरांच्या डोक्यावर टांगलेल्या वस्तूला नुसती सुतळी चालत नाही.

स्ट्रोब जरा जपून

बहुतेक स्वस्त दिव्यांत लखलखाट करणारा स्ट्रोब फुकट मिळतो आणि फुकट मिळालं म्हणून वापरला जातो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळे फ्लॅश वेगाने लखलखले आणि सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक सगळी मुलंच, हॉस्पिटलात न्यावं लागलं. काही जणांचा मेंदू अशा लखलखाटाला फिट येऊन प्रतिसाद देतो आणि अनेकदा घरच्यांनाही ते आधी ठाऊक नसतं. वेबसाइट बनवणाऱ्यांना नियम माहीत असेल, सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश टाळायचे. मुलांच्या कार्यक्रमात स्ट्रोब पूर्णच बंद ठेवा. विजेचा कडकडाट दाखवायचा असेल तर पांढऱ्या दिव्याचे दोन झटके आणि विंगेत एक पत्रा पुरतो!

आणि शेवटचं काम. कार्यक्रम संपला, सगळे वडापाववर तुटून पडले, की तुम्ही दहा मिनिटं थांबा. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर त्याचा पत्ता लिहिलेली चिकटपट्टी लावा. कोणता दिवा कुठे होता, कोणत्या सीनला कोणता रंग होता, ते एका कागदावर लिहा आणि तो कागद खोक्यातच ठेवा. पुढच्या वर्षी हात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडेल, तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पुन्हा तुमच्याच खांद्यावर पडण्याचे चान्सेस जास्त आहेत म्हणा! पण तेव्हा कागद तयार असेल.