पेटीतली जुळी : ऐकीव आणि खरं

जुळी दिवस भरण्याआधी झाली की एनआयसीयूबाहेरच्या बाकावर कुणीतरी सांगतंच, ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ हे साफ चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या कामी येतो. ‘हिनंच काहीतरी जड उचललं असेल’ हेही सोडून द्यावं. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात.

सगळ्यात महागात पडणारा समज वेगळाच आहे : बाळं पेटीत आहेत, आता आईबापांचं तिथं काम नाही, हात लावला तर जंतूच जातील. अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुतले की आईबापांचा स्पर्श हा उपचाराचाच भाग होतो. १९७८ साली बोगोटात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून ही ‘कांगारू’ पद्धत म्हणजे गरिबाची पेटी, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, एक ते १.८ किलोची बाळं स्थिरावायची वाट न बघता लगेच छातीवर घेतली, तेव्हा मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. एकट्या आईला हे झेपणार कसं? एक बाळ तिच्याकडे, दुसरं बाबांकडे, आजीही चालते. बाबांच्या छातीवरचे केस आड येत नाहीत.

‘पोरं ओढत नाहीत, म्हणजे हिला दूधच नाही.’ ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीनं जातं, तेही सुरुवातीला एका वेळी काही मिलिलिटर. म्हणून चिकाचे चार थेंबही टाकायचे नाहीत. सिरिंजमध्ये भरून त्यावर ‘जुळं १’, ‘जुळं २’ अशी चिठ्ठी लावतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहिलं तर दोघांपुरतं येऊ शकतं. तरी कमी पडलं तर दूधपेढी आहे. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. मध आणि घुटी मात्र नकोच.

मॉनिटर कोकलला की पोटात गोळा येतो. नर्स आधी बाळाकडे बघते, मग पडद्याकडे, कारण बऱ्याचदा पायाचा सेन्सरच सुटलेला असतो. श्वास खरंच अडखळत असेल तर औषध म्हणून कॅफीन देतात; हो, कॉफीतलंच. ऑक्सिजन मात्र ‘थोडा वाढवा की’ म्हणून वाढवायचा नसतो, जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोंहून कमी वजनाची बाळं असतील तर महिन्याच्या आत डोळे तपासून घ्यायचेच, तोवर घरी आली असली तरी.

आणि जुळी आहेत म्हणून दोघांची प्रगती जोडीनं होत नाही. एकाची नळी निघते, दुसऱ्याला अजून पेटी लागते. ‘न्यायची तर दोघांना बरोबरच’ हा हट्ट ज्याला सोडलंय त्याच्यावर अन्याय आहे; तो घरी जावा, आईचं दूध दुसऱ्याला पोचत राहावं. मान धरणं, बसणं हे दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात. लशी मात्र जन्मतारखेपासून.